लॅपटॉपची बॅटरी जास्त टिकावी म्हणून चार्जिंग कसं करावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बॅटरीबद्दलचे प्रश्न नाना शब्दांत येतात, पण घोळ बहुतेकांचा एकच असतो: चार्जर लावून ठेवायचा की काढायचा? बॅटरीला चार्जरचं वावडं नसतं. तिला सोसत नाही ते काठोकाठ भरून राहणं आणि तापणं, आणि दोन्ही एकदम आलं तर फारच. खालची बरीच उत्तरं इथूनच निघतात. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि उत्तर दुसरीकडे येऊन गेलं असेल तर तो क्रमांक दिला आहे.

१. लॅपटॉप दिवसभर चार्जिंगला लावून ठेवला तर बॅटरी खराब होते का?

नुसता चार्जर लावलेला आहे म्हणून होत नाही. बॅटरी भरली की आतलं सर्किट तिच्याकडे जाणारा प्रवाह थांबवतं आणि लॅपटॉप थेट अ‍ॅडॉप्टरवर चालू लागतो. 'भरलेल्या बॅटरीत वीज कोंबली जाते' ही भीती निराधार आहे.

तरीही टेबलावर कायम चार्जरला जोडलेल्या लॅपटॉपची बॅटरी दोन-तीन वर्षांत मान टाकते, हा अनेकांचा अनुभव खराच आहे. कारण ती सतत १०० टक्क्यांवर असते आणि शेजारी प्रोसेसर तापलेला असतो. उपाय चार्जर काढत-लावत बसण्याचा नाही, चार्जिंगला मर्यादा घालण्याचा आहे (प्रश्न ५).

२. बॅटरी 'म्हातारी' होते म्हणजे आत नेमकं काय होतं?

आजच्या लॅपटॉपमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते; लिथियम-पॉलिमर म्हणतात ते तिचंच चपटं, पाकिटबंद रूप. सोनीने १९९१ मध्ये ती पहिल्यांदा बाजारात आणली. तिच्या संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

आत एका बाजूला ग्रॅफाइट असतं, दुसऱ्या बाजूला कोबाल्ट, निकेल वगैरे धातूंचं ऑक्साइड, आणि मध्ये द्रव. चार्ज करताना लिथियमचे आयन ग्रॅफाइटच्या थरांत जाऊन बसतात, वापरताना परत फिरतात. पहिल्या काही फेऱ्यांतच ग्रॅफाइटवर एक पातळ पापुद्रा धरतो. तो हवाच असतो, कारण तो द्रवाची आणखी झीज रोखतो. पण पुढे तो हळूहळू जाड होत जातो आणि थोडंथोडं लिथियम त्यात कायमचं अडकतं. अडकलेलं लिथियम म्हणजे तुमची गेलेली क्षमता. तिकडे दुसऱ्या बाजूला, बॅटरी पूर्ण भरलेली असताना व्होल्टेज इतकं वर असतं की द्रवाचं विघटन वेगाने होतं.

म्हणजे झीज दोन वाटांनी होते: वापराने आणि नुसत्या काळाने. दुसरी वाट लोक विसरतात. कपाटात ठेवलेली बॅटरीही झिजते, आणि ती किती भरलेली आणि किती गरम आहे यावर त्या झिजेचा वेग ठरतो.

३. २० ते ८० टक्क्यांचा नियम खरा आहे की इंटरनेटवरची दंतकथा?

गाभा खरा आहे, आकडे मात्र सोयीसाठी ठरवलेले. ८१ टक्क्यांवर काही तुटत नाही.

नेहमीच्या सेलचं व्होल्टेज रिकामा असताना ३ च्या आसपास, मधल्या टप्प्यात ३.६ ते ३.७ आणि पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट असतं. काही नव्या सेलमध्ये ते ४.३५ किंवा ४.४ पर्यंतही नेतात. ताण या वरच्या टोकाला सर्वांत जास्त. चार्जिंगही म्हणूनच दोन टप्प्यांत होतं: आधी ठरावीक प्रवाहाने भराभर, आणि व्होल्टेज कमाल मर्यादेला पोचलं की तेच धरून प्रवाह कमी कमी करत. शेवटचे १५-२० टक्के भरायला इतका वेळ का लागतो, याचं कारण हेच.

खालच्या टोकाबद्दल मात्र लोक उगाच घाबरतात. अधूनमधून बॅटरी १० टक्क्यांवर गेली तर काहीही बिघडत नाही. रोज शून्यापर्यंत उतरवणं टाळावं एवढंच, कारण उथळ फेऱ्यांपेक्षा खोल फेऱ्या बॅटरीला जास्त झिजवतात. दोन टोकांपैकी एकाचीच काळजी करायची असेल तर वरच्या टोकाची करा.

४. चार्जर लावला-काढला की दरवेळी एक सायकल मोजली जाते का?

नाही. एकूण वापर १०० टक्के झाला की एक सायकल. आज ५० टक्के वापरून परत भरली आणि उद्या पुन्हा ५० टक्के वापरली, तर दोन दिवसांत एकच सायकल झाली. त्यामुळे 'सायकल वाचवायची' म्हणून बॅटरी पार उतरेपर्यंत थांबण्यात काही कमाई नाही, उलट तोटाच (प्रश्न ३). अ‍ॅपल आपल्या अलीकडच्या मॅकबुकसाठी १००० सायकलची मर्यादा देतं, आणि तिथवर मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांपर्यंत क्षमता टिकावी असा हिशेब धरतं. इतर अनेक लॅपटॉपच्या बॅटऱ्या यापेक्षा कमी सायकलच्या असतात.

५. ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय कुठे सापडते?

हल्लीच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये ती असते, फक्त प्रत्येक कंपनीने तिला वेगळं नाव देऊन वेगळ्या कोपऱ्यात ठेवलं आहे. लेनोव्होमध्ये व्हँटेज अ‍ॅपमधला 'कॉन्झर्व्हेशन मोड' बघा. तो काही जुन्या मॉडेलवर ६० टक्क्यांच्या आसपासच थांबवतो. आसुसमध्ये मायआसुस अ‍ॅपमध्ये 'बॅटरी हेल्थ' किंवा 'बॅटरी केअर' असा पर्याय असतो. डेलमध्ये बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होताना ठरावीक बटण दाबून उघडणारी मूळ सेटिंग्ज) किंवा त्यांच्या पॉवर मॅनेजरमध्ये चार्जिंग कुठे सुरू आणि कुठे बंद व्हावं हे स्वतः ठरवता येतं, शिवाय 'प्रामुख्याने चार्जरवर वापर' अशा अर्थाचा तयार पर्यायही आहे. एचपीच्या ऑफिसकामाच्या लॅपटॉपमध्ये बायोसमधलं 'बॅटरी हेल्थ मॅनेजर' शोधा. एसर, एमएसआय, सॅमसंग यांच्या स्वतःच्या अ‍ॅपमध्येही असाच पर्याय मिळतो.

मॅकमधलं 'ऑप्टिमाइज्ड बॅटरी चार्जिंग' थोडं वेगळं आहे. ते तुमचा दिनक्रम शिकतं, ८० टक्क्यांवर थांबतं आणि तुम्ही चार्जर काढण्याच्या अंदाजे वेळेआधी उरलेलं भरतं. दिनक्रमच नसलेल्या माणसाला ते कधी थांबेल याचा नेम नाही. लिनक्सवर अनेक मॉडेलना टीएलपी या साधनातून मर्यादा घालता येते.

सोय सापडली की एकदा चालू करा आणि विसरून जा. या सगळ्या पानातलं एकच काही करणार असाल तर हेच करा.

६. पण ८० वर थांबवलं म्हणजे २० टक्के बॅटरी मी आजच घालवली. मग वाचवलं काय?

प्रश्न रास्त आहे. ही २० टक्के गेलेली नसतात, बाजूला ठेवलेली असतात. प्रवासाला निघण्याआधी मर्यादा काढा, १०० टक्के भरा, वापरा, परत आल्यावर मर्यादा लावा. बॅटरी काही तास काठोकाठ भरलेली राहिली तर हरकत नाही. महिनोन्महिने राहिली तर आहे.

तुम्ही रोज चार्जरपासून दूर काम करता आणि संध्याकाळपर्यंत बॅटरी संपतेच, असं असेल तर मर्यादा लावूच नका. बॅटरी वापरण्यासाठीच घेतली आहे. रोज अर्ध्या दिवसात काम अडवून बॅटरीचं आयुष्य वाढवणं हा उलटा व्यवहार झाला.

७. नवीन लॅपटॉप आधी आठ-बारा तास चार्ज करून मगच चालू करायचा का?

नाही. हा सल्ला निकेलच्या जुन्या बॅटऱ्यांच्या जमान्यातला. लॅपटॉप खोक्यातून काढा आणि चालू करा.

८. महिन्यातून एकदा बॅटरी पूर्ण उतरवून पूर्ण भरावी म्हणतात. करू का?

इथे दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झाली आहे.

एक 'मेमरी इफेक्ट'. निकेल-कॅडमियम बॅटरी अर्धवट वापरून पुन्हा पुन्हा भरली तर तिची कामाची क्षमता कमी झाल्यासारखी वागायची. लिथियम-आयनमध्ये ही काळजी करायची नाही, त्यामुळे त्यासाठी बॅटरी उतरवायचीही गरज नाही.

दुसरी म्हणजे कॅलिब्रेशन. बॅटरीत किती शिल्लक आहे हे थेट मोजता येत नाही. आतली चिप आत गेलेल्या आणि बाहेर आलेल्या विजेचा हिशेब ठेवून अंदाज बांधते. बरेच महिने एकाच पट्ट्यात चार्जिंग झालं की हा अंदाज भरकटतो. मग २५ टक्के दिसत असताना लॅपटॉप पटकन बंद पडतो. असं होऊ लागलं तर एकदा पूर्ण भरा, लॅपटॉप आपणहून झोपेपर्यंत वापरा आणि सलग पुन्हा पूर्ण भरा. यात सुधारतो तो आकडा, बॅटरीची प्रकृती नव्हे. आकडा ठीक असेल तर या वाटेला जाऊ नका.

९. रात्रभर चार्जिंगला ठेवला तर?

चालेल, कारण प्रश्न १ मध्ये आहे. मात्र गादीवर किंवा पांघरुणावर ठेवू नका, खालची जाळी बुजते.

१०. चार्जिंगच्या वेळी लॅपटॉप तापतो. किती तापलेलं चालतं?

कोमट लागणं स्वाभाविक आहे. अ‍ॅपल लॅपटॉप वापरण्यासाठी आसपासचं तापमान १० ते ३५ अंश सेल्सिअस असावं म्हणतं, आणि इतर कंपन्यांचे आकडेही याच्याच आगेमागे असतात.

उष्णतेचा आणि चार्जचा जोड किती महाग पडतो ते साठवणुकीच्या एका प्रचलित ढोबळ हिशेबावरून कळेल. २५ अंशांना, ४० टक्के भरून वर्षभर ठेवलेल्या बॅटरीची साधारण ४ टक्के क्षमता जाते. तीच १०० टक्के भरून ठेवली तर २० टक्क्यांच्या आसपास. तापमान ४० अंश असेल तर हेच आकडे साधारण १५ आणि ३५ होतात. सेलच्या प्रकारानुसार फरक पडेल, पण कल लक्षात घ्या: थंड जागी अर्धी भरलेली बॅटरी जवळपास तशीच राहते, गरम जागी पूर्ण भरलेली एका वर्षात तिसरा हिस्सा गमावते.

तेव्हा हवा खेळती राहील अशा कडक पृष्ठभागावर ठेवा आणि पंख्याच्या जाळीतली धूळ काढा. उन्हात उभ्या गाडीत लॅपटॉप सोडू नका. आणि एक चोर: बॅगेतला स्लीप. काही लॅपटॉप स्लीपमध्येही अपडेट वगैरे करत राहतात आणि बंद बॅगेत चांगलेच तापतात. बॅगेत टाकण्याआधी पूर्ण बंद करा किंवा हायबरनेट करा (म्हणजे चालू काम डिस्कवर साठवून लॅपटॉप बंद होतो).

११. चार्जर लावलेला असूनही गेम खेळताना टक्के कमी होतात. बॅटरी बिघडली का?

बहुधा नाही. प्रोसेसर आणि ग्राफिक्स मिळून अ‍ॅडॉप्टरच्या वॉटपेक्षा जास्त वीज मागतात, तेव्हा उरलेली बॅटरीतून घेतली जाते. काही लॅपटॉप मुद्दामच असे बनवलेले असतात. पण त्यात सायकल खर्ची पडतात, तेही बॅटरी तापलेली असताना. मूळ चार्जरच वापरा, आणि गेममध्ये फ्रेमच्या वेगाला मर्यादा घाला. खेळताना बॅटरी ६० किंवा ८० टक्क्यांवर रोखलेली असेल तर उत्तम.

१२. मोबाइलच्या किंवा दुसऱ्या कंपनीच्या यूएसबी-सी चार्जरने लॅपटॉप चार्ज केला तर चालेल का?

लॅपटॉप यूएसबी-सीवरून चार्ज होणारा असेल आणि चार्जर 'पॉवर डिलिव्हरी' हे यूएसबी-सी चार्जिंगचं ठरलेलं प्रमाण पाळणारा, चांगल्या बनावटीचा असेल तर चालेल. जोडल्यावर दोघे आधी आपसांत बोलणी करतात आणि दोघांना झेपेल तेवढंच व्होल्टेज ठरतं. म्हणून १०० वॉटचा चार्जर ४५ वॉटच्या लॅपटॉपला मारत नाही. हे प्रमाण आधी १०० वॉटपर्यंत होतं, २०२१ मध्ये २४० वॉटपर्यंत वाढवलं. केबलही तितक्या वॉटची हवी, हे अनेकदा राहून जातं.

कमी वॉटच्या चार्जरने बॅटरीचं नुकसान होत नाही. चार्जिंग हळू होतं, किंवा लॅपटॉप 'स्लो चार्जर' म्हणून कुरकुरतो. गोल पिनच्या जुन्या चार्जरचं मात्र वेगळं. तिथे बोलणी वगैरे नसते, पिन बसली म्हणजे व्होल्टेज जुळलं असं समजू नका.

१३. फास्ट चार्जिंगने बॅटरी लवकर जाते का?

थोडीफार, आणि मुख्यतः उष्णतेमुळे. घाई नसेल तेव्हा बंद ठेवा. घाई असेल तर खुशाल वापरा, त्यासाठीच दिलं आहे.

१४. काही महिने लॅपटॉप वापरणार नाही. कसा ठेवू?

अर्धा चार्ज करून (४० ते ६० टक्के), पूर्ण बंद करून, थंड आणि कोरड्या जागी. स्लीपमध्ये ठेवू नका. सहा महिन्यांतून एकदा चालू करून पुन्हा अर्ध्यावर आणा.

शून्यावर ठेवणं सर्वांत वाईट. बॅटरी स्वतःहून हळूहळू उतरत राहते. ठरावीक व्होल्टेजखाली गेली की आतलं संरक्षक सर्किट सुरक्षेसाठी तिला बंद करून टाकतं. असा लॅपटॉप वर्षभराने चार्जरला लावला तर ढिम्म हलत नाही. फ्रिजमध्येही ठेवू नका: बाहेर काढल्यावर ओल धरते.

१५. कडाक्याच्या थंडीत चार्ज केलं तर?

वापरायला फारशी अडचण नाही, फक्त बॅकअप तात्पुरता कमी मिळतो. चार्जिंगचं तसं नाही. शून्य अंशाखाली आयन ग्रॅफाइटच्या आत शिरण्याऐवजी त्याच्या पृष्ठभागावर धातू म्हणून साचू लागतात, आणि ते नुकसान भरून येत नाही. बाहेरून गारठलेला लॅपटॉप आणला तर आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

१६. माझ्या जुन्या लॅपटॉपची बॅटरी काढता येते. चार्जरवर वापरताना काढून ठेवू का?

बॅटरी टिकेल, पण वीज गेली की काम जाईल. शिवाय काही मॉडेल बॅटरीशिवाय मुद्दाम हळू चालतात. चार्जिंगला मर्यादा घालता येत असेल तर तीच घाला. काढणारच असाल तर अर्धी भरून काढा, आणि पुढे प्रश्न १४ प्रमाणे.

१७. बॅटरीची तब्येत किती उरली आहे हे कसं बघायचं?

विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून इंग्रजी अक्षरांत पॉवरसीएफजी, मग एक जागा सोडून स्लॅश आणि बॅटरीरिपोर्ट असं टाइप करा. एक फाइल तयार होते आणि ती कुठे ठेवली हे तिथेच दिसतं. तिच्यात 'डिझाइन कपॅसिटी' आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' असे दोन आकडे असतात. दुसऱ्याला पहिल्याने भागा. मूळ ५०,००० आणि आता ४१,००० असेल तर ८२ टक्के उरली. मॅकमध्ये सिस्टम सेटिंग्जमधल्या 'बॅटरी' विभागात हे थेट लिहिलेलं असतं.

हा आकडा आठवड्याला तपासू नका. तो वर-खाली होतोच (कारण प्रश्न ८ मध्ये), आणि उगाच झोप उडते.

१८. चार्जर लावूनही ९६ टक्क्यांवर 'चार्जिंग होत नाही' असं दिसतं. बिघाड आहे का?

नाही, ती मुद्दाम केलेली सोय आहे. एक-दोन टक्के उतरलं की लगेच भर, असं केलं तर बॅटरी सतत वरच्या टोकाशी घुटमळत राहील. म्हणून काही लॅपटॉप आकडा ९५ च्या खाली जाईपर्यंत चार्जिंग सुरूच करत नाहीत. नेमका ६० किंवा ८० वर अडकत असेल, तर आधीच्या मालकाने किंवा ऑफिसच्या संगणक विभागाने मर्यादा लावून ठेवली आहे का ते बघा.

१९. इलेक्ट्रिक गाडीवाले आठवड्यातून एकदा १०० टक्के चार्ज करा म्हणतात. मग लॅपटॉपला ८० का?

कारण बॅटरीचं रसायन वेगळं. हा सल्ला सहसा लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरीच्या गाड्यांसाठी असतो. तिच्या सेलचं कमाल व्होल्टेज ३.६५ च्या आसपास असतं आणि बराच काळ ते जवळजवळ सपाट राहतं. त्यामुळे किती शिल्लक आहे याचा अंदाज बांधणं अवघड जातं आणि अधूनमधून पूर्ण भरून हिशेब जुळवावा लागतो. लॅपटॉपमध्ये हा प्रकार सहसा नसतो, कारण त्याच आकारात त्यात ऊर्जा कमी मावते.

२०. टचपॅड वर आल्यासारखा वाटतो, क्लिक होत नाही. बॅटरी फुगली असेल का?

असू शकते, आणि ही तेवढी एक गोष्ट उद्यावर टाकायची नाही. फुगणं म्हणजे आतल्या द्रवाचं विघटन होऊन पाकिटात वायू साठणं. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, टाचणी तर मुळीच लावू नका: आग लागू शकते. अधिकृत सेवा केंद्रात बदलून घ्या. जुनी बॅटरी कचऱ्यात न टाकता ई-कचरा संकलनात द्या.

माझा स्वतःचा एक लॅपटॉप असाच गेला. तीन वर्षं चार्जरवर, कायम १०० टक्के, आणि ठेवायचो कुठे, तर उशीवर. टचपॅड अडकायला लागला तेव्हा मी त्यात धूळ गेली म्हणून आठवडाभर ब्रशने साफ करत होतो. लॅपटॉप टेबलावर डुगडुगू लागला तेव्हा प्रकाश पडला.

२१. दोन वर्षांनी लागेलच, तर जादा बॅटरी आत्ताच घेऊन ठेवू का?

नको. ठेवलेली बॅटरीही झिजते (प्रश्न २), आणि वॉरंटी तुमच्या कपाटातच संपते. क्षमता ८० टक्क्यांखाली गेली म्हणून लगेच बदलायचीही गरज नाही. मिळणारा बॅकअप कामाला पुरेनासा झाला, लॅपटॉप अचानक बंद पडू लागला किंवा बॅटरी फुगली, की बदला. घेताना उत्पादनाची तारीख बघा. दुकानात तीन वर्षं पडून राहिलेली 'नवीन' बॅटरी नवीन नसते.